गिटारचं तोंड

“पण चाचा, तुम्ही आजवर एक तरी इलेक्ट्रिक गिटार उघडलीय का?”

“न्हाई,” दस्तगीरचाचा म्हणाले. “तू?”

“मी वाजवतो.”

“ते न्हाई विचारलं.”

पोरगा गिटारीची पेटी उघडायला लागला.

हे मी समोर बसून ऐकलेलं सांगतोय. मिरजेत सतारी-तंबोरे करणाऱ्यांची गल्ली आहे, तिथं चाचांची खोली. दोन माणसं, चार भोपळे आणि एक तंबोरा मावेल एवढीच. मी गाण्याचे वर्ग चालवतो. माझ्या तंबोऱ्याची जवारी उतरली होती, म्हणजे घोडीवर तार टेकते ती जागा झिजली होती आणि तंबोरा नुसता वाजत होता, बोलत नव्हता. त्यासाठी मी सकाळपासून तिथं ठाण मांडून होतो. माझं काम अर्ध्यावर ठेवून चाचांनी या पोराकडं वळावं, हे मला मुळीच आवडलं नव्हतं.

खरं सांगायचं तर मला त्याची गिटारही आवडली नव्हती. लालभडक, वर पांढरी प्लॅस्टिकची पट्टी. डिसेंबरातल्या कलत्या उन्हात ती त्या खोलीत पाहुणीसारखी अवघडून पडली होती.

पोराचं नाव सर्वजित गुरव. वय पंचविशीच्या आतलं. गाव मिरजेपासून दहा-बारा किलोमीटरवर.

“झालंय काय तिला?” चाचांनी विचारलं.

“सिलेक्टर स्विच अडकतोय.” त्यानं पट्टीवरच्या फटीतून वर आलेली छोटी दांडी दाखवली. “तारांखाली हे तीन पिकअप असतात, तारेचा आवाज टिपणारे. मानेकडचा गोड बोलतो, घोडीकडचा धारदार. दांडी ज्याच्याकडं ढकलाल, तो बोलतो. आता ती मानेकडंच रुतलीय. जोर लावला तर मध्येच थांबते, खरखरते आणि परत तिथंच.”

“म्हंजे गोडावर अडकलीया.”

“हो.”

“मग तक्रार काय?”

मला हसू आलं. सर्वजितला आलं नाही.

“परवा पुण्यात एका बँडची निवड आहे, चाचा. चौघं वाजवणार, एकाला घेणार. माझं सगळं वाजवणं धारदार आवाजातलं आहे. दोन दुकानांत फिरलो. दोघंही म्हणाले, नवा स्विच मागवावा लागेल, आठवडा जाईल. मग कुणीतरी तुमचं नाव सांगितलं. नाहीतर…”

वाक्य त्यानं पुरं केलं नाही. पण ते कुठं जाणार होतं, ते तिथल्या भोपळ्यांनाही कळलं असतं.

चाचांनी गिटार मांडीवर घेतली. उलटी केली, सुलटी केली. पाठीवर बोटानं टकटक केलं, कान लावला.

“हिचं तोंड कुटं हाय?”

“तोंड?”

“सतारीला भोपळा असतोय. साध्या गिटारीला मधी भोक असतंय. हिचा आवाज येतोय कुठनं?”

सर्वजित हसला. शिकलेलं पोरगं म्हाताऱ्यासमोर हसतं तसं.

“हिला तोंड नसतं. भरीव लाकूड आहे. आवाज वायरीतून जातो.”

“आन् वीज गेली की?”

त्याचं हसू गेलं.

“तुम्हीपण तेच.”

“आनी कोन म्हनतंय?”

“बाबा.” तो खिडकीकडं बघायला लागला. “वीज गेली की मुकं होतंय ते वाद्य नव्हं, असं म्हणाले होते. दोन वर्षं झाली. तेव्हापासून आमच्यात भाकरी वाढ, पाणी दे, एवढंच बोलणं आहे.”

त्याचे बाबा म्हणजे शिदराम गुरव. गावच्या महादेवाच्या देवळात पहाटे आणि संध्याकाळी सनई वाजवतात. मी एकदा ऐकली आहे. त्यानंतर दोन दिवस मला माझ्या विद्यार्थ्यांचं गाणं सोसवलं नव्हतं.

“तू कुनाकडं शिकलास?” चाचांनी विचारलं.

“कुणाकडंच नाही. मोबाईलवर बघून. स्वतःचं स्वतः.”

मान ताठ झाली होती. चाचा नुसतेच “बरं” म्हणाले.

“कधीपासनं अडकतीया?”

“दसऱ्यापासून.”

“दसऱ्याला काय झालतं?”

“मी नव्हतोच. नवरात्रात दांडियाच्या प्रोग्रामला इचलकरंजीत होतो. तिथं धुरळा फार, म्हणून ही घरी ठेवली आणि ऑर्केस्ट्राची गिटार वाजवली. दसऱ्याच्या संध्याकाळी घरी आलो, पेटी उघडली, तर दांडी रुतलेली.”

“घरी कोन असतंय?”

“बाबा. एकटेच. आई जाऊन तीन वर्षं झाली.”

चाचांनी गिटार पुन्हा उलटी केली. सर्वजितला मात्र आता थांबवत नव्हतं.

“त्यांनी पेटी उघडली होती, चाचा. मी गिटार ठेवताना गळ्यात घालायचा पट्टा खाली दुमडून ठेवतो, तो वर आला होता. बाकी वरून एक डाग नाही, ओरखडा नाही. फक्त स्विच गेलेला. आता तुम्हीच सांगा, कुणी केलं असेल?”

“इचारलंस?”

“काय विचारायचं? दोन वर्षांत ज्यांनी तिच्याकडं नीट बघितलं नाही, ते माझ्यामागं पेटी कशाला उघडतील?” त्याचा आवाज खाली आला. “आज रात्रीच्या गाडीनं चाललोय. त्यांना सांगितलेलं नाही. निवड झाली तर परत यायचंच नाही, असं ठरवलंय.”



चाचांनी पेचकस उचलला आणि त्याच्या हातात दिला.

“उघड.”

“मी?”

“तुझीच हाय की.”

त्यानं तारा सैल केल्या. पांढऱ्या पट्टीला अकरा स्क्रू होते. तो ते भराभर काढून फरशीवर टाकायला लागला. चाचांनी चहाची रिकामी बशी पुढं सरकवली.

“एकेक. ह्यात.”

“वेळ नाही, चाचा.”

“गाडी रातची हाय म्हनलास न्हवं?”

तो काढत बसला. तेवढ्यात चाचांनी माझा तंबोरा ओढला. मी मनातल्या मनात देवाचे आभार मानले. त्यांनी घोडीवर तारेखाली सुताचा दोरा सरकवला, तार छेडली. तंबोरा मुकाच. दोरा केसभर पुढं. अजून नाही. मग जरासा मागं… आणि तार एकदम बोलायला लागली. सगळी खोली त्या आवाजानं भरून गेली. सकाळपासूनचं माझं कावलेपण कुठल्या कुठं गेलं.

सर्वजित स्क्रू हातात धरून बघत होता.

“एवढ्याशा दोऱ्यानं?”

“दोऱ्यानं न्हाई. जागंनं.”

अकरावा स्क्रू बशीत पडला. पट्टी उलटी झाली. खाली वायरींचा गुंता, आणि त्यात तो स्विच. एक दांडी, एक स्प्रिंग, आणि दांडी टक्‌कन बसावी म्हणून केलेल्या पाच खाचा. सगळ्यावर पिवळट, मेणासारखा थर जमला होता.

चाचांनी जाड भिंगाचा चष्मा लावला.

“त्याल घातलंस?”

“हो. दांडी सैल व्हावी म्हणून. मागच्या महिन्यात.”

“कुठलं?”

“…खोबरेल.”

“खोबरेल थंडीत काय करतंय?”

“गोठतं.”

“हे मोबाईलवर हुतं?”

“तेल घाला असं होतं. कुठलं ते मी बघितलं नाही.”

चाचांनी त्याला त्यावर आणखी काही ऐकवलं नाही. मी असतो तर ऐकवलं असतं.

जुना दातांचा ब्रश स्पिरिटमध्ये बुडवून त्यांनी त्याच्याच हातात दिला. तो घासायला लागला. चाचा मऊ फडक्यानं टिपत होते. फडकं आधी पिवळं झालं. मग खाचांशी पोचलं तसं लाल.

“गंज आहे,” सर्वजित म्हणाला.

चाचांनी फडकं नाकाशी नेलं. त्याच्याही नाकाशी धरलं.

“हळद,” तो म्हणाला. स्वतःच्याच बोलण्यानं बुचकळ्यात पडला.

चाचांनी सुई घेतली. स्प्रिंगखाली, मधल्या खाचेत, अगदी अलगद ती घातली आणि काहीतरी वर काढलं. निघाल्याबरोबर दांडी आपोआप टक्‌कन सरकली.

फडक्यावर एक दाणा पडला होता. बारीक, लाल.

“हा एवढा कचरा?” सर्वजित वैतागून म्हणाला आणि फुंकर मारायला वाकला.

चाचांनी दाण्यावर तळहात आडवा धरला. वाऱ्यात दिव्यासमोर धरतात तसा.

फुंकर त्यांच्या हातावर विरून गेली.

“नीट बग.” हात बाजूला झाला. “तांदूळ हाय. लाल रंगीवलेला. तुमच्यात ह्याला काय म्हनत्यात?”

“अक्षता.”

“त्या गिटारीत कशाला?”

सत्तर वर्षं मिरजेत काढलेल्या माणसाला अक्षता माहीत नसाव्यात, यावर माझा काही विश्वास बसला नाही. पण मी तोंड बंद ठेवलं.

सर्वजित फडक्याकडं बघत राहिला. पिवळं, लाल, आणि तो एक दाणा.

“खंडेनवमीला…” तो सावकाश बोलायला लागला. “दसऱ्याच्या आदल्या दिवशी. शेतकरी नांगर-कोयते पुजतात. आमच्या घरात वाद्यांची पूजा असते. बाबा पाटावर सनई मांडतात, संबळ मांडतात, आजोबांची जुनी सुंदरी, म्हणजे छोटी सनई, मांडतात. हळद-कुंकू लावतात, वर अक्षता टाकतात.”

“कुटं लावत्यात?”

“तोंडाला. जिथनं आवाज निघतो तिथं…”



हातातली पट्टी त्यानं सुलटी केली. पांढरी, गुळगुळीत. तिन्ही पिकअप तिच्यात गच्च बसलेले. आत जायला वाट म्हणून सगळ्या अंगावर ती एकच फट होती, दांडीची.

“हिला तर तोंड नसतंय,” चाचा म्हणाले.

सर्वजितनं त्या फटीवरून बोट फिरवलं.

बाहेरून सायकलवाला ओरडत गेला. कुणीतरी समोरच्या दुकानात सतारीची खुंटी पिळत होतं, तार वर वर चढत होती…

“त्यांनी शोधलं असणार,” तो म्हणाला. आवाज पार बदलला होता. “त्यांना जवळचं दिसत नाही. चष्मा लावून, बोटानं चाचपत शोधलं असणार. आणि झाल्यावर पुसून ठेवली. एक डाग ठेवला नाही वर. मला कळू नये म्हणून.”

चाचा ब्रश धूत होते.

“पाटावर फक्त वाद्यंच मांडतात ते,” सर्वजित पुन्हा म्हणाला. हे तो आम्हाला सांगत नव्हता. “दुसरं काही चालत नाही. आईनं एकदा तिची शिवणाची कात्री ठेवली होती. तिची रोजीरोटी होती त्या कात्रीवर. बाबांनी उचलून बाजूला ठेवली. म्हणाले, हिची वेगळी पूजा कर. हा पाट वाद्यांचा आहे.”

मला जरा लाज वाटली. तासाभरापूर्वी मीही त्या लाल गिटारीकडं, ती वाद्यच नाही असं समजून, बघत बसलो होतो. शिदराम गुरवांनी मात्र तिला सनईशेजारी जागा दिली होती.

“आणि मी दोन महिने…” सर्वजित म्हणाला.

चाचांनी लाकडाच्या भुश्शाचा डबा त्याच्यापुढं सरकवला.

“दाना टाकायचा ह्यात?”

“नको.”

त्यानं तो दाणा चिमटीत घेतला. उजेडात धरला. स्प्रिंगखाली दोन महिने दबूनही तो मोडला नव्हता.

“अख्खा आहे,” तो म्हणाला.

“हाय.”

“चाचा… आतच ठेवू का? स्विचपासून लांब?”

“ठेव की.”

गिटारीच्या पोटात वायरींसाठी कोरलेली जागा असते. तिच्या एका कोपऱ्यात त्यानं दाणा ठेवला, वर चिकटपट्टी दाबून बसवली. चाचांनी गिटार कानाशी धरून हलवली.

“वाजत न्हाई. घट हाय.”

मग दोघांनी मिळून स्विच पुसून कोरडा केला. तेलाचं नावही चाचांनी काढू दिलं नाही. पट्टी बसली. या वेळी सर्वजित स्क्रू एकेक करून बसवत होता आणि त्याला कसलीही घाई नव्हती. शेजारून चहा आला. तो त्यानं सावकाश प्यायला, बशीत उरलेले दोन स्क्रू चाळवत. मीही घोट घेता घेता विसरून गेलो की मला संध्याकाळच्या वर्गाला जायचं आहे.

तारा सुरात आल्यावर त्यानं दांडी ढकलली. टक्. टक्. टक्. टक्. चारही उड्या स्वच्छ, आणि परत येतानाही तशाच.

त्याच्या पिशवीत बॅटरीवरचा छोटा स्पीकर होता, डब्याएवढा. वायर जोडली. दांडी घोडीकडं लावली.

पुण्याच्या निवडीसाठी बसवलेलं काहीतरी तो आधी वाजवणार होता, असं वाटतं. बोटं तशी गेलीही होती. मग थांबली. आणि त्यानं भलतंच काही काढलं.

आवाज धारदार होता. पण तार तो अशी ओढत होता, की सूर एका जागेवरून दुसऱ्या जागेवर उडी न मारता घरंगळत जावा. शेवटी एक छोटी हरकत, श्वास संपता संपता घ्यावी तशी.

मी तीस वर्षं गाणं शिकवतोय. ती हरकत मोबाईलवरची नव्हती. गिटार वाजवायला श्वास लागत नाही.

चाचांनी डोळे मिटले होते.

“हे कुनाकडं शिकलास?” त्यांनी मघाचाच प्रश्न पुन्हा विचारला.

या वेळी मान ताठ झाली नाही.

“पहाटे देवळातनं यायचं,” सर्वजित म्हणाला. “मी झोपेत असायचो.”

चाचांनी मान डोलावली. चहाचा शेवटचा घोट घेतला. एवढंच.

त्यानं गिटार पेटीत ठेवली. पट्टा खाली दुमडला, मग काय वाटलं कुणास ठाऊक, पुन्हा वर काढून ठेवला. कड्या लावल्या. दारापर्यंत गेला आणि आम्हाला कुणी विचारलं नसताना सांगायला लागला,

“सहाला बाबा देवळात असतात. गाडी साडेनऊची आहे. आता एसटी मिळाली तर त्यांच्याआधी मीच देवळात पोचतो. बॅटरी आहे स्पीकरला. वीज गेली तरी तासभर चालतो.”

“पळ मग.”

तो निघाला. तीन पायऱ्या उतरला. परत वर आला. शिकलेलं पोरगं ते, काही केल्या व्यवस्था लावल्याशिवाय त्याला जाववत नव्हतं.

“चाचा, एक विचारायचं राहिलं. पेटीत ठेवताना मी त्या फटीवर चिकटपट्टी लावत जाऊ का? म्हणजे पुन्हा आत काही जाणार नाही, स्विच अडकणार नाही.”

चाचांनी माझा तंबोरा मांडीवर घेतला होता. दोऱ्यावरचं बोट न उचलता त्यांनी त्याच्याकडं बघितलं.

“लाव की,” ते म्हणाले. “खंडेनवमीला तेवढी काढून ठेव.”